खिडकीच्या चौकटीची रोषणाई आणि एक्सलाइट्स: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदिरानगरमधल्या आमच्या रो-हाउसच्या चार खिडक्या दिवाळीत गाण्यावर नाचायला लागल्या आणि फोन सुरू झाले. सिडकोतून, महात्मानगरमधून, एक तर थेट ओझरहून. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच ते. दर वेळी फोनवर 'डावीकडून म्हणजे कोणाच्या डावीकडून?' हा घोळ अर्धा तास चालतो, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. खिडकीपुरतंच लिहिलंय, झाडं, गच्चीचा कठडा, तुळशीवृंदावन हे विषय वेगळे.

एक्सलाइट्स म्हणजे नेमकं काय?

रोषणाईचा कार्यक्रम आखायचं सॉफ्टवेअर. फुकट आणि ओपन सोर्स. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. गाण्याची फाइल घ्यायची आणि तिच्याखाली आडव्या पट्टीवर कोणत्या क्षणी कोणते दिवे काय करतील ते मांडायचं. याला सिक्वेन्स म्हणतात. अमेरिकेत नाताळाला घरं सजवणाऱ्या हौशी मंडळींच्या हातून हे वाढलं, त्यामुळे तयार मॉडेलांच्या (दिव्यांच्या ठरावीक आकारांच्या) यादीत कँडी केन, रीद, आइसिकल्स अशी पाहुणी नावं दिसतात. बिचकू नका. आइसिकल्स म्हणजे वरच्या एका रेषेवरून कमी-जास्त लांबीच्या सोडलेल्या झिरमिळ्या, म्हणजे आपलं तोरणच. आकाशकंदिलाला 'स्टार' किंवा 'कस्टम' मॉडेल चालतं. खिडकी तिकडेही खिडकीच आहे: 'विंडो फ्रेम'.

व्हिक्सेन हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर आणि लाइट-ओ-रामा हे विकतचं. तीही चांगली आहेत, पण माझा हात एक्सलाइट्सवर बसलाय, म्हणून पुढची सगळी उत्तरं त्याचीच.

घरात पडलेल्या साध्या माळा चालतील का?

चौकटीवरून प्रकाश धावावा असं वाटत असेल तर नाही. साध्या माळेतले दिवे एकदमच पेटतात आणि एकदमच विझतात. फार तर अख्खी माळ हा एकच दिवा धरून रिलेने चालू-बंद करता येईल. आपल्याला हवेत पिक्सेल: प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची चिप असलेले. डब्ल्यूएस २८११ चिपचे १२ मिलिमीटरचे बुलेट पिक्सेल सर्रास मिळतात. मंडळांच्या कमानींवर आणि दुकानांच्या पाट्यांवर दिसतात तेच. साधारणपणे ५० दिव्यांची एक माळ असते. हा ५० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी सॉफ्टवेअरमध्ये खिडकी काढू की आधी दिवे लावू?

आधी मोजपट्टी घ्या. बहुतेक जण लॅपटॉपवर सुंदर घर काढतात, आतषबाजी करतात, आणि वसुबारसेच्या संध्याकाळी कळतं की पडद्यावर १०८ दिवे आहेत आणि भिंतीवर १००. मग रात्रभर आकडे बदलत बसायचं. पडद्यावरचं चित्र हे तुमच्या तारेचं वर्णन आहे, खिडकीचं नव्हे. तार कुठून निघते, कोणत्या बाजूने वळते, कुठे संपते हे कागदावर काढा आणि मगच लेआउट टॅब (सॉफ्टवेअरमधली घराचं चित्र मांडायची जागा) उघडा.

एका खिडकीला किती पिक्सेल लागतात?

आमच्या हॉलची खिडकी ५ फूट रुंद, ४ फूट उंच. म्हणजे ६० इंच आणि ४८ इंच. दर दोन इंचांना एक दिवा धरला तर वर ३०, खाली ३० आणि दोन्ही बाजूंना २४-२४, एकूण १०८. हिशेब बरोबर, पण माळा पन्नासच्या. दोन माळा घेतल्या तर आठ दिवे कमी पडतात आणि तिसरी घेतली तर बेचाळीस उरतात.

म्हणून अंतर थोडं सैल केलं. वर २८, खाली २८, बाजूंना २२-२२. बेरीज बरोबर १००. दोन दिव्यांतलं अंतर आडव्या बाजूला सुमारे २.१४ इंच आणि उभ्या बाजूला २.१८ इंच. हा फरक रस्त्यावरून कोणाच्या बापाला दिसत नाही. शिवाय एक फायदा आपोआप झाला. तार खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू केली तर डावी बाजू २२ आणि वरची २८ मिळून ५० होतात. पहिली माळ वरच्या उजव्या कोपऱ्यात संपते, जोड नेमका कोपऱ्यात येतो आणि दुसऱ्यांदा वीज द्यायची तारही तिथेच जोडता येते.

तुमची खिडकी वेगळ्या मापाची असणार. पण अंतर ठरवून दिवे मोजण्यापेक्षा माळा ठरवून अंतर मोजा. पैसे वाचतात.

दिवे चौकटीवर बसवायचे कशात?

पीव्हीसीची केसिंग पट्टी. वायरमन भिंतीवर वायर झाकायला वापरतात तीच. पेन्सिलने खुणा करायच्या, १२ मिलिमीटरची भोकं पाडायची, मागून बुलेट दाबून बसवायचे. दिव्यांमधली जादा तार पट्टीच्या मागे लपते. पट्टी ग्रिलला केबल टायने बांधायची. सेलोटेपने चिकटवलेले दिवे दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात सुटून लोंबायला लागतात. माझे लोंबले होते.

'विंडो फ्रेम' मॉडेलमध्ये कोणता आकडा कुठे भरायचा?

लेआउट टॅबमध्ये घराचा समोरून काढलेला फोटो पार्श्वभूमीला टाका. फोटो संध्याकाळी काढा, म्हणजे प्रिव्ह्यूमध्ये दिवे उठून दिसतात. वरच्या पट्टीतून विंडो फ्रेम निवडा आणि फोटोतल्या खिडकीवर ओढा. डावीकडच्या गुणधर्मांच्या यादीत तीन आकडे मागितले जातात: वरचे दिवे, डावी-उजवीचे दिवे आणि खालचे दिवे. डाव्या-उजव्या बाजूला मिळून एकच आकडा आहे. तो एका बाजूचा, दोन्हींची बेरीज नाही. आमच्या खिडकीला तिथे २८, २२, २८ आहेत. ४४ लिहिलंत तर सॉफ्टवेअरच्या हिशेबात १४४ दिवे होतात आणि पुढच्या खिडकीचा क्रम कोलमडतो.

कोपऱ्यातला दिवा एकाच बाजूत धरा. वरच्या ओळीतही मोजला आणि बाजूतही मोजला, तर बेरजेत एक-दोन दिवे फुकट वाढतात. मग शेवटचे दिवे असल्यासारखे वागत नाहीत आणि माणूस सोल्डरिंगला शिव्या घालत बसतो.

यानंतर दोन गोष्टी सांगायच्या: पहिला दिवा चारपैकी कोणत्या कोपऱ्यात आहे, आणि तार घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते की उलट. सगळी रामकहाणी इथेच घडते, त्यासाठी पुढचा प्रश्न.

पडद्यावर प्रकाश डावीकडून उजवीकडे धावतो, खिडकीवर मात्र उलटा. का?

तुम्ही दिवे घराच्या आतून बसवलेत आणि आकडेही आतूनच भरलेत.

सॉफ्टवेअर घराकडे रस्त्यावरून बघतं. तुम्ही खोलीत उभं राहून, ग्रिलमधून हात बाहेर काढून, 'डाव्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात, मग वर, मग उजवीकडे' असं बांधत गेलात. तुम्हाला ते काट्यांप्रमाणे वाटलं आणि तसं होतंही, तुमच्यासाठी. समोरच्या रस्त्यावरच्या माणसाला तोच पहिला दिवा उजव्या खालच्या कोपऱ्यात दिसतो आणि तार काट्यांच्या उलट फिरते. काहीही उसवायची गरज नाही. सुरुवातीचा कोपरा 'खाली उजवा' करा आणि दिशा उलट करा. दोन्ही बदला. एकच बदललं तर गोंधळ दुप्पट होतो, कारण मग बाजूंचे आकडेही सरकतात आणि खालचे दिवे बाजूला पेटायला लागतात.

पहिल्या वर्षी मी हे न समजून चारपैकी दोन खिडक्यांच्या पट्ट्या खाली उतरवल्या होत्या. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अरे, बाहेर जाऊन बघ ना एकदा." गेलो आणि कपाळावर हात मारला.

खात्री करायची सोपी रीत: टूल्स मेनूमधून टेस्ट उघडा, ती एक खिडकी निवडा आणि एकेक दिवा पुढे सरकवत जा. एकाने लॅपटॉपवर बसायचं आणि दुसऱ्याने रस्त्यावर उभं राहून ओरडायचं. पहिला दिवा, बाविसावा, तेविसावा, पन्नासावा, एक्कावन्नावा, बहात्तरावा, त्र्याहत्तरावा आणि शंभरावा एवढे आठ तपासले की चारही कोपरे कळतात. वायरिंग व्ह्यू बघत असाल तर ते चित्र समोरून आहे की मागून, याकडे आधी लक्ष द्या.

आमच्या खिडकीच्या खाली कुंड्या आहेत, खालच्या बाजूला दिवे नाहीत. मग?

खालचा आकडा शून्य ठेवा. तार खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर, आडवी आणि पुन्हा खाली अशी उलट्या 'यू'सारखी जाते. उत्तम चालतं. खरं तर मला हीच रचना जास्त आवडते. झाडांना पाणी घालताना ओघळ नेमका खालच्या पट्टीवर येतो.

ग्रिल पुढे आलेली आहे / खिडकी सरकती आहे / वाड्याची कमानदार खिडकी आहे. विंडो फ्रेम चालेल?

बॉक्स ग्रिलची समोरची कड चौकोनी असते, तिथे विंडो फ्रेमच वापरा. ग्रिलच्या बाजूंवरही दिवे हवेत असा मोह होतो. टाळा, रस्त्यावरून नुसता खिचडा दिसतो. सरकत्या खिडकीच्या अॅल्युमिनियम ट्रॅकला दिवे लावू नका, लक्ष्मीपूजनाच्या रात्री कोणीतरी डास आले म्हणून खिडकी ओढतंच. बाहेरच्या भिंतीच्या कडेला लावा.

विंडो फ्रेम कुठे कमी पडतं तेही सांगतो. डावी बाजू वीस आणि उजवी अठरा असेल, किंवा तार कोपऱ्याऐवजी खालच्या बाजूच्या मध्यातून सुरू होत असेल, तर ते मॉडेल हे मान्य करत नाही. तिथे पॉली लाइन घ्या. पॉली लाइनमध्ये तार जशी जाते तसे एकामागून एक बिंदू टिचकीने टाकायचे आणि कोणत्या तुकड्यावर किती दिवे ते वेगवेगळं सांगायचं. एखाद्या तुकड्याला वक्र करता येतं, म्हणून जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या लाकडी कमानींना पॉली लाइनच शोभते. पंचवटीतल्या एका मित्राच्या घरी कोरीव चौकट आहे, तिच्यावर खिळा मारायची कोणाची टाप नव्हती. तिथे पातळ केसिंग पट्टी वाकवून नुसती सुतळीने बांधली आणि पडद्यावर पाच बिंदूंत कमान उतरली.

लेआउटमध्ये खिडकी मोठी ओढली तर दिवे वाढतात का?

नाही. फक्त चित्र मोठं होतं. दिव्यांची संख्या आकड्यांत असते, आकारात नाही. मात्र खिडकी फोटोत कुठे आहे याला पुढे महत्त्व येतं, ते गटाच्या प्रश्नात.

चार खिडक्या एकाच तारेवर जोडता येतील का?

येतील. पहिल्या खिडकीच्या शंभराव्या दिव्यातून निघालेली डेटाची तार दुसरीच्या पहिल्या दिव्यात. लॅपटॉपकडून आलेल्या आज्ञा दिव्यांना पोचवणारा डबा म्हणजे कंट्रोलर. सॉफ्टवेअरच्या कंट्रोलर्स टॅबमध्ये व्हिज्युअलायझर उघडा आणि मॉडेलं त्याच क्रमाने एका पोर्टवर (माळ जोडायच्या तोंडावर) ओढून ठेवा. सुरुवातीचे चॅनेल (दिव्यातल्या एकेका रंगाचा क्रमांक) सॉफ्टवेअर स्वतः मोजतं. हाताने चॅनेल लिहिण्याचा नाद सोडा. आज एका खिडकीचे दोन दिवे कमी केले की उद्या पुढच्या सगळ्यांचे आकडे बदलावे लागतात.

दोन खिडक्यांमध्ये फार अंतर असेल तर सिग्नल क्षीण होतो. मधल्या वाटेवर एक-दोन पिक्सेल नुसते सिग्नल पुढे ढकलायला घालतात, ते पेटवायचे नसतात. त्यांना नल पिक्सेल म्हणतात. पुढच्या खिडकीच्या कंट्रोलर कनेक्शनमध्ये सुरुवातीचे नल दिवे म्हणून तेवढा आकडा टाका. विसरलात तर दुसरी खिडकी एक-दोन घरं मागे सरकलेली दिसेल.

वेळेचं गणित म्हणाल तर या चिपना एका दिव्याची माहिती पोचवायला सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात. चारशे दिव्यांना १२ मिलिसेकंद. २५ मिलिसेकंदाच्या फ्रेमवरसुद्धा, म्हणजे सेकंदाला ४० चित्रं, आरामात बसतं.

युनिव्हर्स काय प्रकार आहे? मला ५१२ आणि १७० हे आकडे सारखे दिसतात.

ई १.३१ या नेटवर्कवरून दिव्यांची माहिती पाठवायच्या पद्धतीत चॅनेल ५१२-५१२ च्या गठ्ठ्यांत जातात. एक गठ्ठा म्हणजे एक युनिव्हर्स. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल लागतात, म्हणून एका गठ्ठ्यात १७० पिक्सेल, ५१० चॅनेल. शंभर दिव्यांच्या दोन खिडक्यांत दुसरीचे सत्तर दिवे पहिल्या गठ्ठ्यात आणि तीस पुढच्यात जातात. त्याने काही बिघडत नाही. पण तुमचा कंट्रोलर डीडीपी (माहिती पाठवायची दुसरी पद्धत) घेत असेल तर सरळ डीडीपी निवडा, गठ्ठ्यांची भानगडच मिटते. ईएसपी ३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डवर डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवायचं सॉफ्टवेअर टाकून केलेला घरगुती कंट्रोलर डीडीपी घेतो.

लाल सांगितलं की हिरवा पेटतो.

रंगांचा क्रम चुकलाय. डब्ल्यूएस २८११ बुलेट बहुधा लाल-हिरवा-निळा या क्रमाचे असतात, डब्ल्यूएस २८१२ बी पट्ट्या हिरवा-लाल-निळा. मॉडेलमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये बदला, दोन्हीकडे नको. दोन्हीकडे बदललं की चूक चुकीला खाते आणि पुढच्या वर्षी नवी माळ लावल्यावर डोकं फिरतं.

शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस-पिवळे का दिसतात?

सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. पाच व्होल्टच्या तारेत पुढे जाता जाता व्होल्टेज उतरतं. हिरव्या आणि निळ्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ते आधी मंदावतात आणि लाल उरतो. एक पिक्सेल पूर्ण पांढरा असताना सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, शंभर दिवे ६ अँपिअर, म्हणजे ३० वॉट. एवढा प्रवाह माळेच्या बारीक तारेतून एका टोकाने ढकलला की शेवट रोडावणारच. एक्कावन्नाव्या दिव्यापाशी जाड तारेने पुन्हा ५ व्होल्ट द्या. आमच्याकडे तो नेमका वरच्या उजव्या कोपऱ्यात येतो हे वर सांगितलंच.

दुसरा उपाय फुकट आहे. कंट्रोलर कनेक्शनमध्ये ब्राइटनेस ३० टक्क्यांवर आणा. रात्री खिडकी तेवढ्यातही लखलखते. शंभर टक्क्यांवर समोरच्या घरातल्या आजोबांना झोप लागत नाही, हे मला त्यांनीच सांगितलंय.

खिडकीवर कोणते इफेक्ट शोभतात?

दोनावरच माझं प्रेम आहे.

पहिला मार्की. चौकटीच्या कडेने ठिपके एकामागून एक फिरतात, जत्रेतल्या पाळण्याच्या पाटीसारखे. बँड साइझ म्हणजे किती दिवे पेटलेले आणि स्किप साइझ म्हणजे मधले किती विझलेले. चारास चार ठेवून सुरुवात करा. हा इफेक्ट मॉडेलच्या आयताच्या कडेकडेने चालतो, म्हणून वरचे आणि खालचे दिवे सारखे असतील तरच गुळगुळीत फिरतो. वर २८ आणि खाली २० असेल तर खाली उड्या मारल्यासारखं दिसतं.

दुसरा सिंगल स्ट्रँड, यातला चेस. आणि इथेच 'माझा प्रकाश चौकटीवरून धावण्याऐवजी खिडकीवर कसाही सांडतो' ही तक्रार येते. सॉफ्टवेअर खिडकीला एक आयताकृती कापड समजून इफेक्ट रंगवतं आणि मग त्या कापडावर जिथे दिवे आहेत तिथलाच रंग उचलतं. आगीचा किंवा पावसाचा इफेक्ट असेल तर ते बरोबरच आहे. धावत्या प्रकाशाला मात्र कापड नको, दोरी हवी. इफेक्टच्या बफर टॅबमध्ये रेंडर स्टाइल 'सिंगल लाइन' करा. आता पहिल्या दिव्यापासून शंभराव्यापर्यंत सरळ एक रेषा धरली जाते आणि ठिणगी तारेच्या क्रमाने धावते. या एका बदलाने निम्मे फोन कमी झाले असते.

आरतीसारख्या संथ चालीला यांपैकी काहीच नको. कलर वॉश घ्या, केशरीतून पिवळ्यात हळूच जाणारा, दोन्ही टोकांना फेड. खिडकीत समई तेवतेय असं वाटतं.

फक्त वरची पट्टी वेगळ्या रंगात हवी असेल तर?

सबमॉडेल करा, म्हणजे मॉडेलच्या एकेका भागाला वेगळं नाव द्या. आमच्या खिडकीत, खालच्या डाव्या कोपऱ्यातून काट्यांप्रमाणे, डावी बाजू १ ते २२, वरची २३ ते ५०, उजवी ५१ ते ७२, खालची ७३ ते १००. चार सबमॉडेलं, चार नावं. मग ढोल वाजला की फक्त दोन्ही बाजू आणि झांज वाजली की फक्त वरची पट्टी असं करता येतं. नाशिक ढोलाच्या रेकॉर्डिंगवर हे करून बघाच. मूळ मॉडेलवरही त्याच वेळी इफेक्ट असेल, तर वर-खाली काय दिसेल ते प्रिव्ह्यूमध्ये पडताळा, गोंधळ तिथेच सुधारतो.

सबमॉडेलं एका खिडकीवर नीट करून घ्या आणि मगच तिची प्रत काढून बाकीच्या खिडक्या बनवा. उलट क्रमाने केलंत तर तेच काम चार वेळा.

चारही खिडक्या एकत्र कशा चालवायच्या?

ग्रुप बनवा. त्यानंतरचा निर्णय रेंडर स्टाइलचा, आणि तो चवीचा भाग आहे. 'पर मॉडेल डिफॉल्ट' ठेवलं तर प्रत्येक खिडकी स्वतःपुरता तोच इफेक्ट करते, चार मुलं एकच कवायत करतात तशी. 'पर प्रिव्ह्यू' ठेवलं तर लेआउटमधल्या जागांप्रमाणे एकच लाट अख्ख्या घरावरून जाते. डावी खिडकी आधी पेटते, वरच्या मजल्यावरची मागून. यासाठीच फोटोवर खिडक्या जागच्या जागी हव्यात. तुम्ही सोयीसाठी त्या एका ओळीत मांडल्या असतील तर लाटही ओळीतच जाणार.

मला घर एकसंध दिसलेलं आवडतं, म्हणून गाण्याच्या धृपदाला पर प्रिव्ह्यू आणि कडव्यांना एकेक खिडकी.

गाण्याचे ठोके हाताने टिपावे लागतात का?

व्हँप प्लगइन्स, म्हणजे गाणं तपासणारी जोड-सॉफ्टवेअरं, बसवली की एक्सलाइट्स ठोके स्वतः शोधून टायमिंग ट्रॅकवर खुणा करतं. फिल्मी गाण्यांना जमतं. भजनांना, विशेषतः लय वाढत जाणाऱ्या गजरांना, ते चुकतं. तिथे गाणं वाजवत कळ दाबून हातानेच खुणा टिपा. तबल्याचा कान असलेलं घरातलं कोणी बसवा, दहा मिनिटांचं काम आहे.

मंडळाच्या डेकोरेशनवाल्याकडे एसडी कार्डवाला कंट्रोलर आहे. तोच वापरू?

ते डबे कार्डवरची स्वतःच्या पद्धतीची फाइल वाजवतात. एक्सलाइट्सकडून नेटवर्कवरून येणारं त्यांना समजत नाही. दिवे मात्र त्याच्याकडून जरूर घ्या, चिप विचारून. लॅपटॉप रोज बाहेर ठेवायचा नसेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फाल्कन प्लेअर हे शो वाजवणारं सॉफ्टवेअर टाका. सिक्वेन्सची तयार फाइल आणि गाणं त्यात गेलं की ठरल्या वेळी शो आपोआप सुरू होतो.

मधेच खिडकी थबकते किंवा चमकते.

सगळ्या खिडक्या एकदम थबकत असतील तर वायफाय. ईएसपी ३२ चा नेहमीचा प्रकार फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि दिवाळीत पाहुण्यांचे फोनही तिथेच लोंबकळतात. जमल्यास केबल टाका, नाहीतर शोसाठी जुना राउटर वेगळा ठेवा. मल्टिकास्ट (नेटवर्कवर सगळ्यांना एकदम पाठवणं) बंद, युनिकास्ट (थेट त्या कंट्रोलरला पाठवणं) चालू.

एकाच खिडकीत ठिणग्या उडत असतील तर आधी ग्राउंड (उणे टोकाची तार) बघा. कंट्रोलरचं आणि पॉवर सप्लायचं ग्राउंड जोडलेलं हवंच. मग लेव्हल शिफ्टर. ईएसपी ३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि पिक्सेलला अपेक्षा ५ ची. मध्ये ७४ एचसीटी १२५ सारखी चिप टाकली की बहुतेक चमक थांबते.

परतीचा पाऊस आणि दव?

ऑक्टोबरात नाशकात दुपारी ऊन आणि संध्याकाळी सरी हे नवीन नाही, आणि दिवाळीच्या पहाटे दवाने गाड्या भिजलेल्या असतात. बुलेट पिक्सेल सीलबंद असतात, मार खातात ते जोड. कनेक्टर तोंड खाली करून लटकवा आणि तारेला जोडाआधी एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल. पॉवर सप्लाय सज्जाखाली, जाळीदार पण बंद डब्यात, जमिनीपासून वर. त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय शो सुरू करू नका. लहान मुलं पणत्या लावत तिथूनच फिरत असतात.

वीजबिल किती येईल?

चार खिडक्या सतत पूर्ण पांढऱ्या ठेवल्या तरी १२० वॉट. रोज चार तास, पाच दिवस, म्हणजे २.४ युनिट. पॉवर सप्लायची गळती धरून तीनेक. ३० टक्के ब्राइटनेसवर त्याहून कितीतरी कमी. फराळाच्या तेलापुढे हा खर्च काहीच नाही.

गाण्याचा आवाज रस्त्यावर कसा द्यायचा? अमेरिकेत एफएमवर देतात म्हणे.

तिकडे लोक गाडीत बसून रेडिओवर गाणं ऐकतात. आपल्याकडे विनापरवाना एफएम ट्रान्समीटर लावू नका. ओट्यावर एक साधा स्पीकर, गेटपर्यंत ऐकू येईल एवढाच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सरकार वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट देतं, पण त्या भरवशावर राहू नका. मी साडेसात आणि साडेआठला दोनच खेळ ठेवतो, उरलेला वेळ खिडक्या मुक्याने जळतात. सोसायटीत राहत असाल तर आधी सेक्रेटरींना भेटा, आणि भेटायला जाताना चिवडा न्या.

उतरवताना काय जपायचं?

प्रत्येक पट्टीवर मार्करने खिडकीचं नाव, बाजू, पहिला दिवा कुठे आणि 'रस्त्याकडून' असा बाण. शो फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर. आणि चारही खिडक्यांचा दिवसाउजेडी काढलेला एकेक फोटो, तारांसकट. आमच्या जिन्याखालच्या पट्ट्यांपैकी एकीवरचं नाव पुसलं गेलंय. ती स्वयंपाकघराची की देवघराची, हे यंदा पुन्हा रस्त्यावर उभं राहून ओरडूनच ठरणार आहे.